झडपेच्या दोऱ्या: पोलराइज्ड प्रकाशातल्या एका छायाचित्राच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: विश्रामबाग, सांगली; महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाची प्रयोगशाळा. हाताशी असलेलं सामान: तीन डोळ्यांचा साधा मायक्रोस्कोप (१०×/०.२५, २०×/०.४०, ४०×/०.६५ ऑब्जेक्टिव्ह), ०.५× अॅडाप्टरवर बसणारा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा (३०७२ × २०४८, पिक्सेल २.४ मायक्रॉन), हाताने फिरवायचा रोटरी मायक्रोटोम (पातळ छेद कापायचं यंत्र), मेणाचं ओव्हन. फ्लुओरेसन्स नाही, कॉन्फोकल नाही, मोटरवर चालणारं स्टेज (स्लाइड ठेवायची चौकट) नाही.

६ जानेवारी २०२५

निकॉन स्मॉल वर्ल्ड या मायक्रोस्कोप-छायाचित्रांच्या स्पर्धेला पाठवायच्या चित्राचा विषय ठरवायची बैठक. समोर तिथली आधीच्या वर्षांची पहिली आलेली चित्रं होती. ही स्पर्धा १९७५ पासून चालू आहे. चित्र प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमधूनच काढलेलं लागतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चालत नाही. परीक्षक चार गोष्टी पाहतात: नावीन्य, चित्रातून कळणारी माहिती, तांत्रिक सफाई आणि डोळ्यावर पडणारा ठसा.

२०२० चं चित्र डॅनियल कास्ट्रानोव्हा यांचं, झेब्राफिशच्या पिल्लाचं. साडेतीनशेहून जास्त चित्रं जोडून केलेलं. याच कामातून झेब्राफिशच्या कवटीत लसिकावाहिन्या असतात हे दिसलं. त्याआधी त्या फक्त सस्तन प्राण्यांत असतात असा समज होता. २०२२ मध्ये ग्रिगोरी तिमिन आणि मिशेल मिलिंकोविच यांचा मादागास्करच्या पालीच्या भ्रूणाचा पंजा पहिला आला. त्याचं स्कॅनिंगच दोन दिवसांवर चाललं होतं. २०२३ ला हसनैन कंबारी आणि जेडन डिक्सन यांनी काढलेलं उंदरासारख्या प्राण्याच्या डोळ्यातल्या दृष्टिचेतेचं (मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं) टोक, २०२४ ला ब्रुनो सिस्टर्ना आणि एरिक विट्रिओल यांच्या उंदराच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी. सगळ्यांत रंग झगमगतात, पण नीट पाहिलं तर नजर अडते ती काळ्या जागेवर: एक कण नाही, एक सुरकुती नाही. तेवढं आपल्यालाही करता येतं, त्याला लेझर लागत नाही.

म्हणून पिक्रोसिरियस रेड हा रंग आणि पोलराइज्ड प्रकाश, म्हणजे ठरावीक दिशेनेच कंप पावणारा. हृदयात किंवा यकृतात तंतू किती वाढले (फायब्रोसिस) हे मोजायला संशोधनात हाच रंग वापरतात. सिरियस रेडचे लांबट रेणू कोलॅजेनच्या (ऊतकाला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या) तंतूंना समांतर चिकटतात, त्यामुळे तंतूंचं मूळचं द्विअपवर्तन (दिशेनुसार प्रकाशाला वेगळ्या वेगाने जाऊ देण्याचा गुण) वाढतं आणि आडव्या-उभ्या पोलरायझरच्या (पोलराइज्ड प्रकाश गाळून देणाऱ्या फिल्टरच्या) मध्ये ते काळ्यावर पेटल्यासारखे दिसतात. नमुना: बकऱ्याच्या हृदयातली मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली), तिला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या (कॉर्डी टेंडिनी) आणि त्या जिथे रुजतात तो पॅपिलरी स्नायू, तिन्ही एकाच छेदात. स्पर्धेची मुदत साधारण एप्रिलअखेर असते. आपली मुदत २१ एप्रिल.

९ जानेवारी

मटणाच्या दुकानात हृदयाला ‘दिल’ म्हणतात आणि ते देताना मधोमध चिरून नळाखाली धुऊन देतात. दोन्ही गोष्टी आपल्याला नको. चिरताना सुरी नेमकी दोऱ्यांतून जाते, आणि साध्या पाण्याने पेशी फुगतात. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं: अख्खं द्या, पाणी लावू नका. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, बर्फाच्या डब्यात आणलं. दुकान ते फॉर्मेलिन २५ मिनिटं.

डावा कप्पा बाहेरच्या भिंतीकडून उघडला. झडपेचं पातं, त्याच्या दोन-तीन दोऱ्या आणि स्नायूचं टोक असा १५ × १० मिलिमीटरचा तुकडा, जाडी ४ मिलिमीटर. असे चार तुकडे. दोऱ्या सैल सोडल्या तर फॉर्मेलिनमध्ये गुंडाळतात. म्हणून तुकडा जाड पुठ्ठ्यावर स्टेनलेस टाचण्यांनी ताणून लावला. ताण एवढाच की दोरी सरळ राहील. जास्त ओढलं तर तंतूंची नैसर्गिक नागमोड निघून जाते, आणि तीच तर दाखवायची आहे.

१६ जानेवारी

चूक नोंदवून ठेवायला हवी. ९ तारखेला कपाटातलं तयार फॉर्मेलिन वापरलं, म्हणजे संग्रहातल्या बरण्यांसाठी नळाच्या पाण्यात केलेलं, बफर नसलेलं. आज पीएच पट्टीवर ४ च्या आसपास आलं. आम्लधर्मी फॉर्मेलिन रक्तातल्या हिमोग्लोबिनवर क्रिया करून तपकिरी-काळे कण तयार करतं. हृदयात रक्त भरपूर, त्यामुळे कणही भरपूर. आणि हे कण पोलराइज्ड प्रकाशात चमकतात. चारही तुकडे सरावासाठी ठेवले.

नवीन बफर फॉर्मेलिन, १ लिटरसाठी: ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या जवळ. दुसरं हृदय आणून पुन्हा चार तुकडे. द्रव तुकड्याच्या आकारमानाच्या वीसपट, ३६ तास.

२२ जानेवारी

पाणी काढणं: ७०, ८०, ९०, १००, १०० टक्के, प्रत्येकी एक तास. इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण अॅब्सोल्यूट अल्कोहोलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि कागदपत्रांत सत्र निघून जातं. या कामाला आयसोप्रोपिल चालतं. झायलीन ४० मिनिटांचे दोन बदल. मेण ५८ ते ६० अंशांचं, एकेक तासाचे तीन बदल.

झायलीन आणि गरम मेणातला वेळ वाढवला की दोरीचं लाकूड होतं. कोलॅजेन आखडतं आणि शेजारचा मऊ स्नायू तसाच राहतो. मग कापताना मायक्रोटोमचं पातं दोरीवर उडी मारतं आणि नेमक्या सांध्यावर फाटतं. सरावाचा एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) रात्रभर मेणात राहिला होता. त्यातून एकही धड छेद मिळाला नाही.

२८ जानेवारी

कापणी. ब्लॉकचं तोंड आधी सपाट करून बर्फाच्या पाण्यावर दहा मिनिटं पालथं ठेवलं. ऊतक थोडं पाणी पितं आणि आतला कडकपणा कमी होतो. पात्याचा कोन ५ अंश. ५ मायक्रॉनच्या रिबनी (सलग छेदांच्या पट्ट्या) चांगल्या निघाल्या. जे बिघडलं ते असं:

उभ्या ओरखड्याची रेघ प्रत्येक छेदात एकाच जागी आली, म्हणजे पात्याला खाच. पातं दोन सेंटिमीटर सरकवलं, रेघ गेली. आडव्या पट्ट्या (चॅटर) आल्या त्या ब्लॉकच्या पकडीचा स्क्रू सैल असल्याने. रिबन वळून पात्यालाच चिकटत होती; जानेवारीत सकाळची हवा कोरडी असते आणि स्थिर वीज साचते. शेजारी उकळत्या पाण्याची किटली ठेवली, एवढ्याने भागलं.

छेद तरंगवायच्या पाण्याचं तापमान ४५ अंश. स्लाइडवर अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा आणि ग्लिसरीन समभाग, अगदी बोटाने पुसून जेमतेम राहील एवढं. जाड लागलं तर ते रंगतं आणि काळी जागा राखाडी होते. ६० अंशांत एक तास. एकूण २६ स्लाइड: ५ मायक्रॉनच्या १८, आणि लागूनच्या छेदांतून १० मायक्रॉनच्या ८.

५ फेब्रुवारी

रंग. ०.१ टक्का सिरियस रेड, पिक्रिक आम्लाच्या संपृक्त जलीय द्रावणात. एक तास ठेवूनही तंतू फिकट गुलाबी, पोलरायझरमध्ये जवळपास काहीच नाही. दोष द्रावणात नव्हता, बाटलीत होता: आलेला रंग सिरियस रेड ४बी होता. लागतो तो एफ३बी, म्हणजे डायरेक्ट रेड ८०, कलर इंडेक्स क्रमांक ३५७८०. नावं सारखी आणि पूडही दिसायला तशीच. मागणी करताना नाव लिहू नये, क्रमांक लिहावा.

पिक्रिक आम्लाबद्दल: सुकलं तर ते स्फोटक आहे. बाटलीत पूड कायम पाण्याखाली हवी. झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर फिरवायचं नाही, तसंच ठेवून जबाबदार माणसाला सांगायचं. धातूचं झाकण, धातूचा चमचा अजिबात नाही; धातूंबरोबर होणारी पिक्रेटं मूळ आम्लापेक्षाही सहज फुटतात. आपण तयार संपृक्त द्रावणच घेतलं, पूड हाताळलीच नाही.

१२ फेब्रुवारी

योग्य रंग आला. पद्धत आता पक्की: मेण काढून पाण्यापर्यंत, पिक्रोसिरियस ६० मिनिटं, मग आम्लयुक्त पाण्यात (लिटरला ५ मिलि ग्लेशियल अॅसेटिक आम्ल) दोनदा बुडवून झटकणं. इथे नळाचं पाणी लावलं की रंग वाहून जातो. स्लाइड जोरात झटकायची, कडा टिपायच्या आणि थेट १०० टक्के अल्कोहोलचे तीन झटपट बदल. सवयीने ७० टक्क्यांत बुडवली तर पिवळेपणा उतरतो आणि स्नायूची पार्श्वभूमी जाते. मग झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचा पारदर्शक द्रव), काचेची कव्हरस्लिप. प्लास्टिकची कव्हरस्लिप चालत नाही, तिचं स्वतःचंच द्विअपवर्तन असतं.

केंद्रकांसाठी वायगर्टचं हिमॅटॉक्सिलिन फक्त चार स्लाइडना दिलं. पोलराइज्ड चित्रात केंद्रकं दिसतच नाहीत, उगाच मेहनत. ज्या ब्राइटफील्डमध्ये (पोलरायझर नसलेल्या साध्या प्रकाशात) दाखवायच्या त्याच चार.

२० फेब्रुवारी

पहिलं दर्शन, साधे रेषीय पोलरायझर लावून: एक दिव्यावर, एक मायक्रोस्कोपच्या डोक्याच्या (डोळे लावायच्या वरच्या भागाच्या) खाली, ९० अंशांत. दोरी दिसली आणि प्रयोगशाळेतली बडबड थांबली. काळ्यावर लाल-पिवळी जाड वेणी, तिच्यावर ठरावीक अंतराने काळे आडवे पट्टे, जरीच्या काठासारखे. स्नायूत शिरताना वेणी उलगडते आणि हिरवे बारीक धागे स्नायूच्या तंतूंभोवती पांगतात.

पण झडपेचं पातं वळतं तिथे मधेच अंधार. ऊतक तिथे आहे, ब्राइटफील्डमध्ये लाल दिसतंय. कारण सोपं आहे: तंतू पोलरायझरच्या अक्षाला समांतर किंवा काटकोनात आला की तो विझतो, ४५ अंशांत सर्वांत उजळ. वळणाऱ्या पात्यात कुठला ना कुठला भाग विझणारच. स्टेज गोल फिरतं असेल तर एकेक भाग पाहता येतो. आपलं फिरत नाही.

बाकी कचरा: जागोजागी अधिक चिन्ह असलेले चमकते गोल कण. हे पिष्ट, हातमोज्यांच्या पावडरीतलं. यापुढे पावडर नसलेले मोजे. लांब चमकते दोरे म्हणजे टिश्यू पेपरचे आणि कापसाचे तंतू. सेल्युलोज कोलॅजेनइतकंच पेटतं. ब्राइटफील्डमध्ये यातलं काही दिसतही नाही. गाळप हंगामातली गच्चीवर पडणारी उसाची काजळी मात्र पोलराइज्ड प्रकाशात चमकत नाही, नुसती काळा ठिपका देते. तरी खिडक्या बंद.

सरावाच्या स्लाइडवर फॉर्मेलिनचे कणही अपेक्षेप्रमाणे चमकले. पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणात तासभर ठेवलेल्या स्लाइडवरून ते बरेच उतरले. म्हणजे जुन्या ब्लॉकनाही उपाय आहे. पण स्पर्धेच्या नमुन्यात तो प्रश्नच नको.

३ मार्च

वर्तुळाकार पोलरायझेशन. प्रकाश वर्तुळाकार पोलराइज्ड केला (कंपनाची दिशा सतत गोल फिरती ठेवली) तर तंतूची दिशा कोणतीही असो, तो विझत नाही. त्यासाठी दोन क्वार्टर-वेव्ह प्लेट (रेषीय प्रकाशाला वर्तुळाकार करणारे पारदर्शक थर) लागतात. विकत घ्यायची गरज नाही: फोटोग्राफीच्या सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टरमध्ये रेषीय पोलरायझर आणि क्वार्टर-वेव्ह थर दोन्ही असतात, आणि थिएटरमधल्या काही थ्रीडी चष्म्यांच्या काचांतही.

बाजू ओळखणं महत्त्वाचं. सीपीएल चकचकीत स्टीलच्या ताटलीवर ठेवायचा. ज्या बाजूने ठेवल्यावर ताटली गडद निळसर-काळी दिसते, ती ताटलीकडची बाजू क्वार्टर-वेव्हची. उलटा केला की ताटली नेहमीसारखी चमकते. चष्म्याच्या फिल्मचीही हीच परीक्षा. दोन्ही बाजूंनी चमकली तर चष्मा रेषीय आहे, आपल्या उपयोगाचा नाही.

रचना: ४९ मिमीचा सीपीएल दिव्याच्या काचेवर, क्वार्टर-वेव्ह बाजू वर, नमुन्याकडे. चष्म्याची फिल्म २४ मिमीच्या चकतीत कापून डोकं काढून त्याच्या खाचेत, क्वार्टर-वेव्ह बाजू खाली, नमुन्याकडे. म्हणजे दोन्ही क्वार्टर-वेव्ह नमुन्याला सामोरे. चष्म्याची एक काच डावी फिरकी सोडते, दुसरी उजवी. त्यातली एक लावल्यावर पार्श्वभूमी काळी होते, दुसरी लावल्यावर उजळ. फिल्टर फिरवून काही फरक पडत नाही. पडला, तर कुठलीतरी बाजू उलटी बसली आहे.

खात्री पिष्टावर केली. बटाटा किसून एक थेंब पाणी. रेषीय रचनेत प्रत्येक कणावर काळी फुली. वर्तुळाकार रचनेत फुली नाहीशी, कण सगळा उजळ. फुली अर्धवट राहिली तर प्लेटची बाजू पुन्हा तपासायची. पार्श्वभूमीला किंचित जांभळी झाक येते, कारण हा थर हिरव्या प्रकाशासाठी बेतलेला असतो. तिला चूक समजू नये.

जाता जाता मार्केट यार्डातून आणलेली हळद पूडही ठेवून पाहिली. फुली कुठेच नाही. हळद शिजवूनच वाळवतात, त्यात पिष्ट फुगून त्याची रचना मोडते. पुडीत फुलीवाले कण भरपूर दिसले तर न शिजवलेलं पिष्ट कुणीतरी मिसळलं आहे, किंवा शिजवणंच कच्चं. स्पर्धेशी संबंध नाही, पण सांगलीत हे माहीत असलेलं बरं.

११ मार्च

आता पेच. वर्तुळाकार प्रकाशात झडपेचं पातं पूर्ण उजळलं, पण दोरीवरचे जरीचे पट्टे गेले. साहजिकच आहे: ते पट्टे म्हणजे कोलॅजेनची अनुपस्थिती नव्हती. तंतू नागमोडी आहेत. लाटेच्या माथ्यावर आणि तळाशी ते दोरीच्या अक्षाला समांतर होतात, तिथे विझतात, उतारावर पेटतात. विझणं बंद केलं की पट्टेही बंद. एका तंत्राने दोन्ही मिळणार नाही.

ठरलं: दोन चित्रं. मोठं जोडचित्र वर्तुळाकार प्रकाशात, १०× वर. दोरीचं जवळून चित्र रेषीय प्रकाशात, २०× वर. रेषीयमध्ये पोलरायझरचा अक्ष दोरीला बरोबर समांतर ठेवला तर पट्टे समान अंतरावर येतात. काही अंश फिरवला की एकाआड एक पट्टा रुंद-अरुंद होतो, कारण एका बाजूचे उतार विझू लागतात. समांतर ठेवलं.

१८ मार्च

कॅमेऱ्याचं गणित. १०× आणि ०.५× मिळून पाचपट, म्हणजे एक पिक्सेल नमुन्यावर ०.४८ मायक्रॉन. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरला २०७६ पिक्सेल आले, म्हणजे ०.४८२, मापपट्टी यावरूनच काढायची. १०×/०.२५ चं रिझोल्यूशन हिरव्या प्रकाशात सुमारे १.३ मायक्रॉन, त्यावर पावणेतीन पिक्सेल पडतात, पुरेसे. एका फ्रेममध्ये १.४७ × ०.९८ मिलिमीटर मावतं. हवी आहे ९ × ६ मिलिमीटरची जागा. स्टेजच्या व्हर्नियर मापावर आडवं पाऊल १.२, उभं ०.८ मिलिमीटर, दोन्हीकडे सुमारे १८ टक्के ओव्हरलॅप. ८ × ८, एकूण ६४ फ्रेम.

कॅमेरा स्टेजला समांतर हवा. एक धुळीचा कण फ्रेमच्या डाव्या कडेला आणून स्टेज आडवं सरकवायचं. कण उजव्या कडेला त्याच पिक्सेल-ओळीत पोचला पाहिजे. एक अंशाची चूक म्हणजे प्रत्येक पावलाला चाळीसेक पिक्सेलची पायरी.

नागमोडी क्रमाने फ्रेम घेऊन पाहिल्या, दर दुसरी ओळ सरकली. स्टेजच्या दात्यांत ढिलाई आहे. उलट दिशेला फिरवलं की पहिला दशांश मिलिमीटर स्टेज हलतच नाही. म्हणून पुस्तक वाचतो तसं: प्रत्येक ओळ डावीकडूनच, आणि सुरुवातीच्या जागेच्या थोडं मागे जाऊन पुढे यायचं.

२ एप्रिल

थरथर आणि उष्णता. काळ्या पार्श्वभूमीत एक्स्पोजर ३५० मिलिसेकंद लागतं (ब्राइटफील्डमध्ये ६ पुरत होतं), आणि तेवढ्यात सांगली-मिरज रस्त्यावरचा ट्रक चित्र पुसून टाकतो. दोन स्कूटरच्या ट्यूबमध्ये अर्धी हवा भरून त्यावर कडप्प्याची लादी, लादीवर मायक्रोस्कोप. पंखा बंद. काम पहाटे साडेचार ते सात. दुपारी खोलीत उकाडा इतका की तासाभरात फोकस आपोआप सरकतो.

विजेचा दाब खाली-वर झाला की फ्रेमचा उजळपणा बदलतो आणि जोडचित्रात चौकटी उठतात. दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला. व्हाइट बॅलन्स नमुन्याशिवाय एकदाच, मग कुलूपबंद, गेन किमान, सगळं हाती.

फ्लॅटफील्डची (दिव्याचा असमान उजेड चित्रातून काढून टाकायच्या दुरुस्तीची) वेगळीच अडचण: काळ्या पार्श्वभूमीची रिकामी फ्रेम घेऊन भागाकार करता येत नाही, तिथे प्रकाशच नाही. चष्म्याची दुसरी काच इथे कामी आली. तीच चकती कापून लावली की पार्श्वभूमी उजळते आणि दिव्याची असमानता तीच राहते. एक्स्पोजर कमी करून दहा फ्रेमची सरासरी.

५ मायक्रॉनच्या छेदाला १०× वर वेगवेगळ्या फोकसचे थर घ्यायची गरज नाही, फोकसची खोली साडेआठ मायक्रॉनच्या वर आहे. पण स्लाइड ९ मिलिमीटरमध्ये किंचित तिरकी असतेच, म्हणून दर फ्रेमला बारीक चाक पाहून घ्यायचं. ६४ फ्रेमना पन्नास मिनिटं. २०× वर मात्र खोली साडेतीन मायक्रॉनच्या आत. तिथे २ मायक्रॉनच्या पावलाने तीन थर घेऊन एकत्र केले.

९ एप्रिल

सर्वांत चांगल्या स्लाइडवर, दोरी जिथे स्नायूत शिरते तिथेच, कापसाचा एक तंतू. क्लोन टूलने दोन मिनिटांत गेला असता. तसं केलेलं नाही. फोकस वर-खाली करून पाहिलं: तंतू कव्हरस्लिपच्या वर नाही, आत डीपीएक्समध्ये आहे. स्लाइड रात्रभर झायलीनमध्ये ठेवली, कव्हरस्लिप आपोआप सुटली, ताज्या झायलीनचे दोन बदल, पुन्हा बसवली. कव्हरस्लिप आता कापडाने पुसायच्या नाहीत. अल्कोहोलमध्ये बुडवून उभ्या सुकवायच्या.

जोडणी फिजी या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये, ग्रिड स्टिचिंग प्लगइनने. क्रम ओळीओळीने, उजवीकडे आणि खाली. कोपऱ्यातल्या सात फ्रेम पूर्ण काळ्या. त्यांत जुळवायला काही नसल्याने प्लगइन त्यांना कुठेही फेकतं आणि शेजारच्यांनाही ओढतं. त्या वगळून ५७ जुळवल्या, मग काळ्या सात व्हर्नियरच्या जागी ठेवल्या. कापण्याआधी चित्र सुमारे २०,५०० × १३,७०० पिक्सेल.

१६ एप्रिल

मजकुराचा वाद. मसुद्यात लिहिलं होतं: “लाल-पिवळे तंतू टाइप १ कोलॅजेन, हिरवे टाइप ३.” असं लिहिलेलं सर्रास आढळतं. त्यासाठी १० मायक्रॉनच्या स्लाइड कामाला आल्या. झडपेच्या पात्याच्या कडेचा एकच जुडगा लागून असलेल्या दोन छेदांत शोधला, तेच एक्स्पोजर. ५ मायक्रॉनमध्ये तो हिरवा-पिवळा, १० मध्ये नारिंगी. कोलॅजेनचा प्रकार दोन छेदांमध्ये बदलत नाही. रंग ठरतो तंतूच्या जाडीवर, ते किती दाट बसलेत त्यावर आणि छेदाच्या जाडीवर. प्रकार सांगायचा तर अँटिबॉडी लागते.

अंतिम मजकूर: “बकऱ्याच्या मायट्रल झडपेची दोरी पॅपिलरी स्नायूत रुजताना. ५ मायक्रॉनचा मेणाचा छेद, पिक्रोसिरियस रेड, वर्तुळाकार पोलराइज्ड प्रकाश, १०× ऑब्जेक्टिव्ह, ६४ फ्रेमचं जोडचित्र. रंग कोलॅजेनच्या तंतूंची जाडी आणि घनता दाखवतात.” दुसऱ्या चित्राखाली एक जादा वाक्य: “काळे पट्टे म्हणजे तुटलेले तंतू नव्हेत, नागमोडी तंतू जिथे पोलरायझरला समांतर होतात तिथे ते विझतात.”

चित्रावर केलेलं काम: फ्लॅटफील्ड, काळी पातळी, पूर्ण चित्राला एकच गॅमा. एखादाच रंग उचललेला नाही.

२१ एप्रिल

दोन्ही चित्रं पाठवली. मूळ ६४ टिफ फ्रेम (सव्वा जीबी), फ्लॅटफील्ड आणि जुळवणीची फाइल दोन डिस्कवर.

ब्लॉक क्रमांक ६ आणि ८ मध्ये दोरी अजून शिल्लक आहे. उन्हाळाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मेणाच्या पातळ थराखाली तोंड बंद करून. वापरलेलं पिक्रोसिरियस वेगळ्या बाटलीत, प्लास्टिकचं झाकण, वर तारीख, आणि दर महिन्याला पाणी आहे का ते पाहायचं.